न्याय कोणत्या जागेवरून? : ‘थिंग्ज फॉल अपार्ट’च्या अध्यापनातील एक नैतिक पेच

१

चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. वसाहतवादाचा आफ्रिकी अनुभव समजून घेण्यासाठी जगभरच्या विद्यापीठांत जी संहिता बहुधा प्रथम हाती घेतली जाते, ती हीच. तौलनिक साहित्याच्या निमित्ताने मराठीच्या वर्गात ती शिकवताना एक मांडणी माझ्या अंगवळणी पडली होती. जोसेफ कॉनराडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये किंवा जॉइस केरीच्या ‘मिस्टर जॉन्सन’मध्ये आफ्रिकी माणूस गोऱ्या माणसाच्या कहाणीची पार्श्वभूमी म्हणून येतो, अचेबे ही दृष्टीच उलटी करतात. इग्बो समाजाला स्वतःची न्यायपद्धती होती, कृषिसंस्कृती होती, वक्तृत्वाची परंपरा होती, देवधर्माची सुसंगत कल्पना होती. ते सारे मिशन आणि सरकार यांच्या दुहेरी आघाताने कोसळले. कादंबरीच्या पंचवीस प्रकरणांपैकी पहिली तेरा गोऱ्या माणसाच्या आगमनापूर्वीच्या उमुओफियाला दिलेली आहेत, हे या मांडणीला पोषक असे रचनेचे प्रमाण मी आवर्जून सांगत असे.

ही मांडणी खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. हे मला एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने दाखवून दिले. ‘उमुओफियाचे सारे कोसळले असे आपण म्हणतो, पण ओसूंचे काय कोसळले?’ एवढाच त्याचा प्रश्न होता. ओसू म्हणजे देवाला वाहिलेली माणसे. ती आणि त्यांची पुढची प्रजा समाजाबाहेर राहते. स्वतंत्र माणसांशी त्यांचा विवाह होत नाही, सभेत त्यांना जागा नाही, डोक्यावरचे जटा झालेले केस कापायचे नाहीत, आणि मेल्यावर जागा मिळायची ती अशुभ मानलेल्या रानात. म्बांता गावात मिशनने पहिले देऊळ उभारले तेव्हा ज्यांना आत घेण्यावरून आधीच्या धर्मांतरितांतच वादळ उठले, ती हीच माणसे. प्रश्न विचारणाऱ्याची पार्श्वभूमी येथे सांगण्याचे कारण नाही, कारण तो प्रश्न बाहेरून आणलेला नव्हता. तो कादंबरीच्याच पोटातला होता. माझ्या मांडणीने त्याला जागा दिलेली नव्हती इतकेच.

या प्रश्नातून जो पेच निर्माण होतो तो केवळ अर्थनिर्णयनाचा नाही, नैतिक आहे. जो समाज आपल्याच काही माणसांवर अन्याय करतो, त्या समाजावर परक्यांनी केलेल्या अन्यायाचा निषेध आपण कोणत्या अधिकाराने करतो? आणि तो निषेध करताना आतल्या अन्यायाविषयी गप्प राहणे हा त्या अन्यायातला सहभाग ठरतो काय?

२

अचेबे यांनी आतला अन्याय झाकलेला नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. म्बाइनो गावाकडून खुनाची भरपाई म्हणून आलेला इकेमेफुना तीन वर्षे ओकोन्क्वोच्या घरी वाढतो, त्याला बाप म्हणू लागतो. आणि देववाणीचा कौल होताच त्याला रानात नेऊन मारले जाते. गावातील वृद्ध एझेउदु ओकोन्क्वोला बजावतो की कौल झाला असला तरी तुझा हात त्यात असू नये. तरीही, आपण दुबळे ठरू या भीतीने, ओकोन्क्वो स्वतः कोयता चालवतो. जुळी मुले जन्मताच मातीच्या भांड्यांत घालून रानात टाकली जातात. ही सर्व माहिती देणारा निवेदक शत्रूच्या गोटातला नाही. तो त्या समाजाच्या लयीत बोलणारा, त्याच्याविषयी आदर बाळगणारा निवेदक आहे. म्हणूनच त्याची साक्ष नाकारता येत नाही.

या साक्षीपुढे वर्गात साधारणपणे दोन उत्तरे येतात. पहिले उत्तर सांस्कृतिक सापेक्षतेचे. प्रत्येक समाजाची मूल्ये वेगळी. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नये. हे उत्तर कादंबरीला परकेही नाही. अबामे गावाच्या संहाराची वार्ता ऐकल्यावर ओकोन्क्वोचा मामा उचेंदू हा जवळपास याच आशयाचे बोलतो. परंतु ‘प्रत्येक समाजाची मूल्ये’ असे आपण म्हणतो तेव्हा समाज एकजिनसी आहे, त्याला एकच आवाज आहे, असे गृहीत धरतो. उमुओफियाला तसा एक आवाज नाही. रानातून येणारे जुळ्यांचे रडणे ऐकून आत काहीतरी तुटल्यासारखे वाटणारा न्वोये त्याच समाजातला आहे. चार बाळंतपणांत जुळी झालेली आणि प्रत्येक वेळी ती टाकावी लागलेली न्नेका त्याच समाजातली आहे. पाचव्या गरोदरपणात ती मिशनकडे पळून जाते, तेव्हा नवऱ्याच्या घरच्यांना पीडा टळल्यासारखेच वाटते. हे वाक्य निवेदक अगदी सहजपणे सांगून जातो. सापेक्षतावाद न्नेकाच्या दुःखाला ‘त्यांची संस्कृती’ म्हणतो, तेव्हा तो संस्कृतीची मालकी सभेत बसणाऱ्या पदवीधारी पुरुषांकडे सोपवतो. परक्यांविषयीचा हा आदर प्रत्यक्षात त्यांच्यातील बलवानांविषयीचा आदर असतो.

दुसरे उत्तर याच्या नेमके उलट. मिशनने जुळी वाचवली, ओसूंना आत घेतले, म्हणजे जे झाले ते बरे झाले. कोसळायलाच हवे होते ते कोसळले. हे उत्तर देणारा विद्यार्थी अनेकदा स्वतःच्या समाजातील अन्याय ओळखणारा असतो आणि म्हणून त्याला घाईने खोडून काढणे योग्य नव्हे. परंतु कादंबरीत मिशनच्या पाठोपाठ जे सरकार येते त्याचे वर्तन काय आहे ते पाहिले पाहिजे. अबामेत एका गोऱ्या माणसाची हत्या होते. काही आठवड्यांनी भर बाजारात गावाला वेढा घालून गोळ्या घातल्या जातात. अभ्यासक या प्रसंगाचा संबंध १९०५ साली अहियारा भागात झालेल्या डॉ. स्टुअर्ट यांच्या हत्येशी आणि तिच्यानंतरच्या दंडात्मक लष्करी मोहिमेशी जोडतात. पुढे उमुओफियाच्या सहा पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून बेड्या घातल्या जातात; दंड दोनशे थैल्या कवड्यांचा, परंतु न्यायालयाचे शिपाई तो अडीचशे सांगतात आणि मधले पन्नास आपसांत वाटून घेतात. हे न्यायालय जुळ्यांसाठी उघडलेले नाही. न्नेकाचे नाव जिल्हा कमिशनरच्या कानी कधी जात नाही. वाचलेली मुले ही त्या राजवटीच्या हेतूंत कोठेच नाहीत. त्यांचा उपयोग मागाहून, समर्थनाच्या वेळी होतो.

म्हणजे पहिले उत्तर न्नेकाला विसरते आणि दुसरे अबामेला. दोन्ही उत्तरांना जोडून घेणे पुरेसे नाही. ‘दोन्ही बाजूंचे दोष होते’ हा समतोल परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभतो. प्रश्न दोषांच्या बेरजेचा नसून निवाडा कोठे उभे राहून केला जातो याचा आहे. अचेबे यांची कादंबरी या दृष्टीने वाचली तर तिच्यात निवाड्याच्या निदान तीन जागा दिसतात.

३

पहिली जागा जिल्हा कमिशनरची. कादंबरीच्या अखेरीस ओकोन्क्वो शिपायाचा वध करून गळफास घेतो. कमिशनर ते पाहतो आणि आपल्या नियोजित ग्रंथात या माणसासाठी किती जागा द्यावी याचा विचार करतो. प्रकरण नको, एखादा परिच्छेद पुरे. ग्रंथाचे नावही ठरलेले आहे : लोअर नायजरच्या रानटी जमातींचे ‘पॅसिफिकेशन’. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना वर्गात ‘शमन’, ‘शांतता प्रस्थापित करणे’ असे पर्याय निघतात. परंतु नेमका शब्द आपल्या कागदपत्रांत कधीचाच आहे, तो म्हणजे ‘बंदोबस्त’. ज्यांचा बंदोबस्त केला जातो त्यांना ऐकून घ्यावे लागत नाही. कमिशनरचा निवाडा कठोर आहे हे त्याचे वैगुण्य नव्हे. तो काहीही जाणून न घेता पूर्ण होतो हे त्याचे वैगुण्य आहे. आपण पंचवीस प्रकरणे ज्या माणसासोबत राहिलो त्याचा त्याने परिच्छेद केला. अशा परिच्छेदांची भावंडे आपल्या ग्रंथालयांतही आहेत. एंथोवेन यांचे ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे’चे तीन खंड (१९२०–२२) उघडून एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या जमातीची नोंद वाचावी, आणि १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, जो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला, तो अशाच नोंदींच्या मनोवृत्तीतून कसा चालला ते पाहावे. मग अचेबे यांचा शेवट हा केवळ उपरोध राहत नाही.

दुसरी जागा ओबिएरिकाची. तो ओकोन्क्वोचा जिवलग मित्र. इकेमेफुनाच्या हत्येत ओकोन्क्वोने हात घातला याबद्दल तो त्याला स्पष्ट दोष देतो. एझेउदुच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटून एक मुलगा मरतो आणि ओकोन्क्वोला सात वर्षांचा परागंदा वास भोगावा लागतो, तेव्हा पहाटे त्याचे घर पाडणाऱ्यांत ओबिएरिकाही असतो, कारण भूमीची शुद्धी आवश्यक आहे. ते काम उरकून घरी आल्यावर तो विचार करतो की नकळत घडलेल्या अपराधासाठी माणसाने एवढे का भोगावे. त्या विचाराला उत्तर मिळत नाही; उलट त्यातून त्याच्या बायकोला झालेली आणि त्यानेच टाकून दिलेली जुळी त्याला आठवतात. त्यांचा काय अपराध होता?

कमिशनर आणि ओबिएरिका या दोघांच्या निवाड्यांतील फरक हा परका आणि आप्त एवढाच नाही. ओबिएरिकाच्या प्रश्नात प्रश्न विचारणारा स्वतः आरोपी आहे. त्याने घर पाडले आहे, मुले टाकली आहेत. समाजाच्या रूढीविषयी शंका घेताना तो समाजाबाहेर पाऊल टाकत नाही. रूढीचे ओझे ज्याच्या खांद्यावर आहे तोच ते तोलून पाहतो. कमिशनरचा निवाडा त्याला काहीच गमवायला लावत नाही. ओबिएरिकाचा निवाडा त्याची झोप घेतो. नैतिक निवाड्याची ही एक कसोटी म्हणता येईल की ज्या निवाड्यात निवाडा करणाऱ्याचे काहीच पणाला लागत नाही तो निवाडा नसून वर्गीकरण आहे.

येथपर्यंत आलो की अध्यापकाला समाधान वाटते. परंपरेचा चिकित्सक हा परंपरेतूनच यावा, सुधारणेचे बीज आपल्याच मातीत शोधावे, हा विचार मराठी समीक्षेला देशीवादाच्या चर्चेमुळे परिचित आहे आणि ओबिएरिका हे त्याचे सुंदर उदाहरण वाटते. मीही काही वर्षे येथेच थांबत आलो. परंतु त्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो आणि या वेळी तो अधिक अवघड होतो. ओबिएरिकाच्या विचाराने एकही जुळे वाचलेले नाही. इकेमेफुनाविषयीच्या त्याच संवादात तो म्हणतो की देववाणीने माझ्याच मुलाला मारायला सांगितले असते तर मी हरकत घेतली नसती, फक्त ते काम मी स्वतः केले नसते. त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याचा हात मागे घेते, दुसऱ्याचा हात धरत नाही. आतून येणारा बदल सावकाश येतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्या सावकाशपणाची किंमत कोण देते? ओबिएरिका देत नाही. रानात टाकलेले मूल देते.

४

म्हणून तिसरी जागा विचारात घ्यावी लागते. ती न्वोयेची, न्नेकाची आणि ओसूंची आहे. ही माणसे भाषणे करत नाहीत, प्रमेये मांडत नाहीत. ती उठून जातात. न्वोयेला त्रिमूर्तीचे तर्कशास्त्र पटलेले नसते, हे अचेबे स्पष्ट सांगतात. त्याला खेचून नेते ते अंधारात बसलेल्या भावांविषयीचे भजन, कारण त्यात त्याला जुळ्यांच्या रडण्याचे आणि इकेमेफुनाच्या मृत्यूचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते. ओसू देवळात येतात तेव्हा धर्मोपदेशक किआगा त्यांना जटा कापायला सांगतो. आपण मरू अशी भीती त्यांना वाटते, आणि तरीही ती जटा कापतात. कादंबरीत धैर्याचे प्रसंग पुष्कळ आहेत, परंतु वस्तऱ्याला डोके देणाऱ्या त्या दोघांचे धैर्य ओकोन्क्वोच्या कुस्तीपेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही.

उठून जाणे हाही एक निवाडाच आहे. परंतु त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. जळत्या घरातून बाहेर पडणारा माणूस शेजारच्या घराच्या मालकाला सज्जनपणाचे प्रमाणपत्र देत नसतो. आसरा घेणे आणि आसरा देणाऱ्याच्या हेतूंना मान्यता देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. वसाहतवादाचे समर्थक या दोहोंना एक मानतात. आणि विपर्यास असा की, आसरा घेणाऱ्याला फितूर ठरवणारे राष्ट्रवादीही त्या दोहोंना एकच मानतात.

हा भेद आपल्याकडे महात्मा फुले यांच्या लेखनात फार स्पष्टपणे दिसतो. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आफ्रिकी माणसाच्या दास्यात आपले दास्य ओळखणारे मराठीतले हे एक ठळक प्रारंभीचे वाचन म्हटले पाहिजे. इंग्रजी राज्याने शूद्रातिशूद्रांना मिळालेला अवकाश त्यांनी मोकळेपणाने मान्य केला. परंतु १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच राज्याचे गोरे अंमलदार ऐषआरामात कसे गुंग आहेत आणि मधल्या नोकरशाहीच्या हाती शेतकऱ्याला कसे सोपवतात, याची झडती त्यांनी घेतली. कमिशनर आणि गाव यांच्यामध्ये उभा राहून पन्नास थैल्या खाणारा अचेबे यांचा शिपाई फुल्यांच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

तरीही ओसूंची मुक्ती मिशनने पूर्ण केली काय? अचेबे यांनी याचे उत्तर दुसऱ्या कादंबरीत ठेवले आहे. ‘नो लाँगर ॲट ईझ’ (१९६०) मध्ये ओकोन्क्वोचा नातू ओबी हा क्लारा नावाच्या मुलीशी लग्न ठरवतो. क्लारा ओसू कुळातली आहे. विरोध करतो तो ओबीचा बाप, आयझॅक. हा आयझॅक म्हणजेच पूर्वीचा न्वोये. जुळ्यांच्या रडण्याने ज्याचे हृदय फाटले, ज्याने बापाचे घर सोडले, ज्याच्या नव्या देवाने ओसूंना आत घेतले, तोच म्हातारपणी मुलाला सांगतो की ओसूपण हे कुष्ठासारखे आहे. पूर्व नायजेरियात १९५६ सालीच ओसू प्रथा रद्द करणारा कायदा झालेला होता. कायदाही झाला, धर्मांतरही झाले, आणि क्लारा बाहेरच राहिली. अचेबे यांचे स्वतःचे वडील चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मप्रचारक शिक्षक होते, हे लक्षात घेता ही टीका बाहेरून केलेली नाही हेही कळते. बाहेरून आलेल्या सत्तेने दार उघडले, पण ज्यांनी दार ओलांडले त्यांच्याही आत जुने घर शिल्लक होते.

अशा रीतीने तिन्ही जागा अपुऱ्या ठरतात. कमिशनरच्या जागेला ज्ञान नाही. ओबिएरिकाला ज्ञान आहे, कृती नाही. न्वोयेने कृती केली, पण ती स्वतःपुरती. ज्या प्रश्नाने त्याला घराबाहेर काढले तो प्रश्न त्याने पुढे दुसऱ्यासाठी विचारला नाही.

५

वाचक कोठे उभा राहतो? आपण उमुओफियाचे नाही. ओबिएरिकाची जागा आपली असल्याचा आव आणता येत नाही. ओसू हा शब्द ऐकताच मराठी वर्ग त्याचे भाषांतर ‘अस्पृश्य’ असे करून टाकतो, आणि त्या भाषांतरात जिव्हाळा असला तरी धोकाही आहे. ओसूपणाच्या मुळाशी देवाला वाहून घेणे आहे. त्यामागे वर्णाचे शास्त्र नाही, व्यवसायांची उतरंड नाही. आपल्या दुःखाशी साम्य दिसले म्हणून दुसऱ्याचे दुःख आपल्या शब्दात बसवून टाकणे हाही एक परिच्छेदच. साम्याने प्रश्न विचारण्याचे धैर्य मिळते. उत्तर मात्र त्या समाजाच्या तपशिलातूनच शोधावे लागते.

कादंबरीच्या शेवटी एक तपशील आहे, त्याकडे मी अलीकडे अधिक लक्ष देतो. आत्महत्या हे भूमीविरुद्धचे पातक असल्याने ओकोन्क्वोच्या प्रेताला त्याचे आप्त हात लावू शकत नाहीत. ते फक्त परक्यांनी झाडावरून उतरवायचे आणि पुरायचे. मग गाव शुद्धीचे विधी करील. ओबिएरिका कमिशनरकडे हीच मदत मागतो, आणि त्याच वेळी संतापून, या थोर माणसाला तुम्हीच मरणाकडे लोटले असे त्याला सुनावतो. म्हणजे परक्याला येथे एक काम नेमून दिलेले आहे. जे आप्तांना रूढीमुळे करता येत नाही, ते. कमिशनर ते काम शिपायांवर सोपवतो, कारण झाडावरचे प्रेत उतरवणे त्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे नसते. आणि ग्रंथाचा विचार करत चालू लागतो.

परका वाचक निवाडा करू शकत नाही असे अचेबे म्हणत नाहीत. परका असण्याने येणारे काम त्याने टाळू नये, एवढे या प्रसंगातून मला वाचता येते. ओसूंविषयी, जुळ्यांविषयी आपण बोललेच पाहिजे. आदराच्या नावाखाली गप्प बसणे म्हणजे प्रेत झाडावर ठेवणे. परंतु ते बोलणे ओबिएरिकाच्या संतापासमोर उभे राहून, अबामेचा बाजार डोळ्यांआड न करता झाले पाहिजे.

त्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही; दिले असते तर ते चुकीचे झाले असते. परंतु त्यानंतर ‘या कादंबरीतील वासाहतिक संघर्षाचे चित्रण स्पष्ट करा’ हा प्रश्न मी माझ्या वर्गात विचारणे सोडले. आता प्रत्येकाने प्रथम एवढे लिहायचे असते : उमुओफियात तुम्ही जन्मला असता तर सभेत बसला असता की सभेबाहेर, आणि तेथून तुम्हाला काय कोसळताना दिसले असते. ‘सारे कोसळले’ हे वाक्य त्यानंतर फार थोडे जण लिहितात.